पूर्वरंगावर वाढलेली पिढी



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहासाचा विषय निघाला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि बखरी उभ्या राहतात. आज मी ज्या काळाविषयी बोलणार आहे, तो इतका जवळचा आहे की त्याचे साक्षीदार ह्याच मांडवात बसलेले असतील. आणि ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती इतकी किरकोळ आहे की तिलाही इतिहास असतो हे ऐकून काहींना हसू येईल. १९९० च्या आगेमागे जगभरची मुले संगणकावर जे 'शेअरवेअर' खेळ खेळली, त्यांचा हा इतिहास आहे. हसू आले तर अवश्य हसावे. पण हा खेळांचा इतिहास पुढे विश्वासाचा इतिहास होतो, आणि त्यात आपल्या नावावरही थोडी बाकी निघते, म्हणून मी तो मांडावयाचे धाडस करीत आहे.

ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांना त्या काळचा संगणक आठवत असेल. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि बाजूला चौकोनी फ्लॉपी. मोठ्या आकाराच्या साध्या फ्लॉपीत ३६० किलोबाइट एवढीच माहिती मावे. आज आपल्या खिशातल्या फोनने काढलेले एक छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत एक संपूर्ण जग दडलेले असे. खेळाचे नाव टंकले की पडद्यावर रंग उमटत, आणि डोक्याला मोठ्या भावाचे शिरस्त्राण घातलेला आठ वर्षांचा एक मुलगा मंगळाच्या लाल भूमीवर उड्या मारू लागे. खेळ संपला की मात्र एक वेगळेच पान समोर येई. त्यावर लिहिलेले असे की गोष्ट येथे संपलेली नाही. पुढचे भाग हवे असतील तर अमुक इतके डॉलर अमुक पत्त्यावर पाठवावेत. पत्ता टेक्सास राज्यातील गारलँड नावाच्या गावाचा. आम्ही मुले ते पान न वाचताच पुढची कळ दाबीत असू.

आता ती मुले प्रौढ झाली आहेत. आपले आजोबा विटीदांडूविषयी ज्या स्वरात बोलत, त्याच स्वरात ती ह्या खेळांविषयी बोलतात. गेलेल्या बालपणाचा उमाळा प्रत्येक पिढीला येतोच, त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. पण ह्या आठवणी नीट ऐकल्या तर त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. सगळ्यांना आठवतो तो पहिला भाग. पहिल्या भागातील प्रत्येक खड्डा, प्रत्येक शत्रू, प्रत्येक गुप्त वाट त्यांना पाठ असते. आणि शेवटी काय झाले असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. विटीदांडूचा डाव अर्धा खेळून कोणी आयुष्यभर तो आठवीत बसत नाही. ह्या खेळांच्या बाबतीत मात्र एका अख्ख्या पिढीच्या वाट्याला अर्धीच गोष्ट आली. असे का झाले, हे आज पाहावयाचे आहे.

हे समजून घेण्यासाठी आपल्याला परक्या उदाहरणाची गरज नाही. नारदीय कीर्तन आपण सर्वांनी ऐकले आहे. आधी पूर्वरंग, त्यात निरूपण. मध्ये नामाचा गजर. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. आणि शेवटी आरती होऊन तबक फिरते. दाराशी तिकीट नसते. ऐकून झाल्यावर ज्याला जे योग्य वाटेल ते त्याने तबकात टाकावे, आणि ज्याच्यापाशी नसेल त्याने नुसता नमस्कार करावा, अशी ही पद्धत. शेअरवेअरचा जन्म नेमका ह्याच पद्धतीने झाला. मात्र तो झाला अमेरिकेत, आणि तेथल्या मंडळींना कीर्तनाची कल्पनाही नव्हती.

ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्यावर चालणारे प्रोग्राम महाग असत, आणि ते दुकानांतून किंवा टपालाने विकत घ्यावे लागत. १९८२ साली अँड्र्यू फ्लुगलमन नावाच्या गृहस्थांनी दूरध्वनीच्या तारेवरून दोन संगणकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून 'पीसी-टॉक' हा प्रोग्राम लिहिला. कॅलिफोर्नियात राहणारे हे गृहस्थ मूळचे वकील, पुढे प्रकाशक झालेले. सहलेखकाबरोबर ते एक पुस्तक लिहीत होते, दोघांचे संगणक वेगळे होते, आणि मजकुराची देवाणघेवाण होईना. त्या अडचणीतून हा प्रोग्राम निघाला. तो विकावा कसा हा प्रश्न पडला तेव्हा त्यांना सार्वजनिक दूरदर्शन केंद्राची आठवण झाली. ते केंद्र कार्यक्रम सर्वांना फुकट दाखवी आणि अधूनमधून प्रेक्षकांना देणगीचे आवाहन करी. फ्लुगलमन ह्यांनी तसेच केले. प्रोग्राम घ्या, वापरा, मित्रांना नकला करून द्या. उपयोगी वाटला तर पंचवीस डॉलर पाठवा.

त्याच वर्षी, त्यांची ओळखदेखही नसताना, सिअॅटल भागात राहणारे आय.बी.एम.चे नोकर जिम नॉफ ह्यांनीही हेच केले. आपल्या चर्चच्या मंडळींना पत्रे पाठवावयाची, तर पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापता याव्यात म्हणून त्यांनी केलेल्या प्रोग्रामातून 'पीसी-फाइल' तयार झाला. नकला मागणारे वाढत गेले, खर्च झेपेना, म्हणून त्यांनी प्रोग्रामातच एक विनंती घातली. हे दोन्ही प्रोग्राम हाती आलेल्या एका गृहस्थाने विनंत्यांतील साम्य पाहून त्यांची गाठ घालून दिली. मग दोघांनी प्रोग्रामांची नावे जुळती ठेवली आणि रक्कमही सारखी केली. तिसरे बॉब वॉलेस. हे मायक्रोसॉफ्टमधील अगदी सुरुवातीच्या नोकरांपैकी एक. ती नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी 'पीसी-राइट' हा लेखनाचा प्रोग्राम काढला. फ्लुगलमन ह्यांनी 'फ्रीवेअर' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले असल्याने इतरांना ते वापरता येईना. वॉलेस ह्यांनी 'शेअरवेअर' हा शब्द रूढ केला, म्हणजे वाटून घ्यावयाची वस्तू. पंचाहत्तर डॉलर भरून जो नोंदणी करी, त्याच्या प्रतीवरून दुसऱ्या कोणी नोंदणी केली तर पहिल्याला पंचवीस डॉलर मिळत. नक्कल करणे हा गुन्हा न राहता सेवा झाली, आणि सेवेला दक्षिणाही ठेवली गेली!

आपल्याकडे म्हणतात, विश्वास पानिपतात गेला. पण ह्या तिघांचा विश्वास गेला नाही. पैसे खरोखरच आले. १९८४ साली नॉफ ह्यांनी आय.बी.एम.ची नोकरी सोडली आणि स्वतःचा व्यवसाय थाटला. फ्लुगलमन ह्यांचा शेवट मात्र दुःखद झाला. जुलै १९८५ मध्ये ते नाहीसे झाले. गोल्डन गेट पुलापाशी त्यांची मोटार सापडली, ते सापडले नाहीत. त्यांनी पाडलेली वाट मात्र रुळली.

येथवर सगळा मामला मोठ्या माणसांच्या कामाच्या प्रोग्रामांचा होता. कचेरीत रोज वापरावयाच्या वस्तूला माणूस पैसे देतो, कारण उद्याही ती लागणार असते, अडले तर विचारावयाचे असते. खेळाचे तसे नाही. खेळून झाला की त्याची गरज संपते. आरती झाल्यावर तबक निघाले आणि मांडवाचे मागचे दार उघडे असले, तर काय होते ते मी सांगावयास नको. गारलँड येथील स्कॉट मिलर ह्या तरुणाला हाच अनुभव आला. त्यांनी लिहिलेले शब्दांचे खेळ त्यांनी जुन्या पद्धतीने वाटले आणि विनंती जोडली. लोक खेळले, पण पैसे फारसे आले नाहीत.

तेव्हा मिलर ह्यांनी १९८७ साली 'किंग्डम ऑफ क्रोझ' ह्या खेळाबरोबर एक साधी युक्ती केली. खेळाची मालिका करावयाची. पहिला भाग फुकट वाटावयाचा. पुढचे भाग पैसे पाठवणाऱ्यालाच द्यावयाचे. म्हणजे पूर्वरंग सर्वांसाठी खुला, आणि तबक फिरणार ते आख्यानाच्या आधी! श्रोत्याला मांडवातून उठून जाण्याचे स्वातंत्र्य पूर्वीसारखेच होते, पण कथा ऐन रंगात आलेली असताना उठणे जिवावर येई. मिलर ह्यांच्या 'अॅपॉजी' ह्या कंपनीचा हा मार्ग पुढे सगळ्यांनीच उचलला. येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. शेअरवेअर खेळांना जे वैभव आले, ते निव्वळ विश्वासावर आलेले नाही. मनुष्याच्या चांगुलपणाला त्याच्या कुतूहलाची जोड मिळाली, तेव्हा ते आले.

ह्याच सुमारास लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट गावी चार तरुण एका संगणक-मासिकाच्या कंपनीत नोकरी करीत होते: जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक. रोमेरो ह्यांना चाहत्यांची पत्रे येऊ लागली. त्यांनी ती कौतुकाने भिंतीवर लावली, आणि एके दिवशी त्यांच्या लक्षात आले की नावे निरनिराळी असली तरी सगळ्या पत्रांवर पत्ता एकच आहे, गारलँडचा. कंपनी नोकरांची पत्रे तपासील ह्या धास्तीने मिलर टोपणनावांनी लिहीत होते! रोमेरो आधी संतापले, मग बोलणे झाले. मिलर ह्यांनी दोन हजार डॉलर आगाऊ पाठवले, आणि कचेरीतले संगणक शनिवार-रविवारी घरी आणून ह्या मंडळींनी रात्रीचा दिवस केला. १४ डिसेंबर १९९० रोजी 'कमांडर कीन' बाहेर पडला. मघाशी सांगितलेला, मंगळावर उड्या मारणारा मुलगा तो हाच.

ह्या खेळाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. परसात जुन्यापुराण्या सामानातून यान बांधून मुलगा मंगळावर जातो. तेथे शत्रू त्याच्या यानाचे चार भाग पळवतात. ते मिळवून तो घरी परततो, तो काय पाहतो? शत्रूचे प्रचंड यान पृथ्वीवर येऊन ठेपलेले आहे. आणि नेमका येथे फुकटचा भाग संपतो. खेळ येण्यापूर्वी अॅपॉजीची महिन्याची विक्री सुमारे सात हजार डॉलर होती. जून १९९१ पर्यंत एकट्या ह्या खेळाने महिन्याला साठ हजार डॉलर आणावयास सुरुवात केली. कर्त्यांच्या हाती पहिला धनादेश पडला तो साडेदहा हजार डॉलरचा. त्या बळावर त्यांनी फेब्रुवारी १९९१ मध्ये 'इड सॉफ्टवेअर' ही स्वतःची कंपनी काढली.

ह्या खेळांना ना दुकान होते ना जाहिरात. कोणी हौशी गृहस्थ आपला संगणक मोडेमने दूरध्वनीला जोडून ठेवी. इतरांनी रात्री त्या क्रमांकावर संपर्क साधावा, तेथले प्रोग्राम उतरवून घ्यावेत, आपले चढवावेत. अशा घरगुती 'बुलेटिन बोर्डां'वरून आणि हातोहात दिलेल्या फ्लॉप्यांतून हे खेळ पसरले. फेरीवाला बासनात कापड घेऊन गावोगाव हिंडतो, तसेच हे. फरक इतकाच की येथे फेरीवालाही गिऱ्हाइकांपैकीच एक होता, आणि मालाची एक पैही तो मागत नव्हता.

१९९१ साली मेरीलँड राज्यातील पोटोमॅक गावी टिम स्वीनी ह्या विद्यार्थ्याने आईवडिलांच्या घरी बसून 'झेडझेडटी' नावाचा खेळ केला. त्यात चित्रे नव्हती. अक्षरे आणि चिन्हे ह्यांनीच राजवाडे आणि राक्षस रेखलेले होते. पण खेळणाऱ्याला स्वतःचे खेळ रचण्याचे साधन त्याने त्यात ठेवले होते. घराचाच पत्ता खेळात दिला, आणि मागण्या टपालाने येऊ लागल्या. ह्या पत्त्याची गोष्ट मी शेवटी सांगेन.

१० डिसेंबर १९९३ हा ह्या इतिहासातला कळसाचा दिवस. इड कंपनीचा 'डूम' त्या दिवशी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवला गेला. वाट पाहणाऱ्यांची तेथे इतकी दाटी झाली होती की खेळ चढवणाऱ्यालाच आत शिरता येईना. दुकानदारांना तर कंपनीने सांगून टाकले की फुकटचा भाग हव्या त्या किमतीला विका आणि पैसे तुम्हीच ठेवा. पुढच्या दोन वर्षांत एक ते दोन कोटी लोकांनी हा खेळ खेळला असा अंदाज केला जातो. आणि त्यांतले पैसे भरणारे किती? फुकटचा भाग घेणाऱ्यांपैकी शंभरात एकानेच पुढचे भाग विकत घेतले असावेत, असा कंपनीचाच अंदाज होता. तरीसुद्धा आरंभी दिवसाला एक लाख डॉलर येत होते.

माझ्या सगळ्या विवेचनाचे सार ह्या एका आकड्यात आहे. शंभरात एक. नव्याण्णव जणांचे बालपण त्या शंभराव्या माणसाने भरलेल्या पैशांवर चालले. हा शंभरावा माणूस कोणी श्रीमंत नव्हता. पुढे काय होते हे जाणण्याची ओढ अनावर झाल्याने आईवडिलांकडे हट्ट धरून लिफाफ्यात धनादेश घालायला लावणारा एखादा मुलगाही असेल. त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही. पण तो नसता तर दुसऱ्या वर्षी नवा खेळ निघालाच नसता.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या गावांतले संगणक वर्ग, एखाद्या नातेवाइकाची कचेरी, शाळेतली कुलूपबंद प्रयोगशाळा, येथे हे खेळ पोचले ते फ्लॉपीवरूनच. विदेश संचार निगमाने सामान्य माणसाला इंटरनेट खुले केले तेच मुळी १५ ऑगस्ट १९९५ रोजी. फ्लॉपी येथवर येईपर्यंत तिच्यावरच्या खेळांची जातपात पुसून गेलेली असे. 'कीन' शेअरवेअर होता; 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आणि रोमेरो ह्यांचाच 'डेंजरस डेव्ह' विकत घ्यावयाचे होते; पण आमच्या लेखी सगळे 'गेम' एकाच मातीचे, आणि फुकटचे ते पौष्टिक. वाटण्याची परवानगी आणि चोरी ह्यांतला भेद आम्हांला कोणी सांगितला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

मात्र येथे केवळ आमच्या नीतीला दोष देऊन चालणार नाही. समजा एखाद्या मुलाला पैसे पाठवावेसे वाटले असते, तर काय? १९९३ साली डॉलरला सुमारे एकतीस रुपये पडत. म्हणजे तीस डॉलरचे नऊशेहून अधिक, कित्येक घरांतला महिन्याचा किराणा. शिवाय १९७३ चा परकीय चलनाचा कायदा होता. घरातून उठून परदेशी डॉलर धाडणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. चालू खात्यावरचे रुपयाचे व्यवहार खुले झाले ते ऑगस्ट १९९४ मध्ये. टेक्सासहून निघालेले तबक आमच्यापर्यंत आले खरे, पण त्यात टाकावयाचे नाणे आमच्या खिशात नव्हते, आणि असते तरी ते तेथे चालले नसते. म्हणून अमेरिकेतील नव्याण्णव जण आपखुशीने पूर्वरंगावर थांबले, आणि आम्ही नाइलाजाने. आठवण मात्र दोघांची सारखीच अर्धवट राहिली.

ह्या पद्धतीचा शेवट थोडक्यात सांगतो. सीडी आली, खेळ मोठे झाले, आणि ते करावयास चार मित्रांऐवजी मोठमोठे ताफे लागू लागले. १९९६ साली इडने 'क्वेक' खेळाची एक सीडी काढली. तिच्यात पहिला भाग खुला होता आणि पूर्ण खेळ कुलपात होता. दूरध्वनी करून पैसे भरले की किल्ली मिळे. ते कुलूप लोकांनी लवकरच फोडले. जेथे दार उघडे ठेवले होते, तेथे शंभरातला एक जण आपण होऊन पैसे देत होता. जेथे कुलूप घातले, तेथे ते फोडण्यातच हुशारी मानली गेली. पुढे इंटरनेटने वाटपाचा प्रश्नच मिटवला. आजही पुष्कळ खेळ फुकट मिळतात. २०१७ साली आलेला 'फोर्टनाइट' हा स्वीनी ह्यांच्याच कंपनीचा. त्याचा सर्वांत लोकप्रिय प्रकार फुकट खेळता येतो, आणि पैसे मिळतात ते पोशाख आणि अलंकार विकून. पण तेथे आख्यान कधी संपतच नाही, आणि तबक मात्र अखंड फिरत असते. एकदा तीस डॉलर दिले की खेळ कायमचा आपला आणि देणेघेणे संपले, हा जुना करार होता. आजच्या मुलाला तो सांगूनही खरा वाटणार नाही.

जुने ते सगळे सोने होते असे मी म्हणत नाही. त्या फ्लॉप्यांवरचे बहुतेक खेळ ओबडधोबड होते, काही निव्वळ रक्तपाताचे होते. आज ते खेळून पाहण्यासाठी कोणाला हळहळावयाचे कारणही उरलेले नाही. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा 'डॉसबॉक्स' २००२ सालापासून उपलब्ध आहे. जानेवारी २०१५ मध्ये 'इंटरनेट अर्काइव्ह' ह्या संस्थेने डॉसचे सुमारे चोवीसशे खेळ लोकांसमोर ठेवले. ज्यांना आजवर ठाऊक नसेल, त्यांना 'कीन'च्या तिसऱ्या भागाचे रहस्यही सांगून टाकतो: शत्रूंचा तो गूढ सूत्रधार म्हणजे ह्याच मुलाच्या शाळेतला त्याचा प्रतिस्पर्धी निघतो! ऐकून कोणाच्या जिवाला फारसे समाधान झालेले दिसत नाही. ह्यात आश्चर्य नाही. आपण जिच्यासाठी हळहळतो, ती गोष्ट पुढच्या भागात नव्हतीच. ती होती त्या पानात, जे आपण न वाचता पुढे ढकलले. एका अनोळखी माणसाने समुद्रापलीकडून आपली वस्तू आपल्या हाती ठेवली होती, आणि म्हटले होते, आधी पाहा, मग काय ते ठरवा. बालपणी आपल्यावर इतका बिनशर्त विश्वास घरच्या माणसांखेरीज दुसऱ्या कोणी टाकला होता? ह्या आठवणींत गोडवा आहे तो त्या विश्वासाचा आहे, आणि त्यांतली किंचित टोचणी आहे ती न फेडलेल्या ऋणाची आहे.

ते ऋण आता मूळ सावकाराकडे फेडता येणार नाही. वॉलेस २००२ साली गेले, नॉफ २०१३ साली. मिलर ह्यांना आता आपल्या तीस डॉलरांची गरज नाही. पण उघड्या दाराने चालणाऱ्या संस्था अजून आपल्या गावात आहेत. वाचनालये आहेत, संगीताच्या सभा आहेत, आणि जिच्या मांडवात आपण बसलो आहोत ती व्याख्यानमालाही आहे. ह्या सगळ्यांचा भार शंभरातला एकच जण वाहतो. आपण एके काळी नव्याण्णवांत होतो. आता ऐपत आली आहे, तर कोठेतरी शंभरावे होणे आपल्या हाती आहे.

आता त्या पोटोमॅकच्या पत्त्याची गोष्ट, आणि मी आपली रजा घेतो. स्वीनी ह्यांची कंपनी मोठी झाली, दुसऱ्या राज्यात गेली, जगप्रसिद्ध झाली. त्यांचे वडील मात्र जुन्याच घरी राहत होते, आणि १९९१ च्या त्या अक्षरांच्या खेळासाठी अधूनमधून तेथे पत्रे येतच होती. वडील फ्लॉपी पाकिटात घालून पाठवीत. अशी शेवटची प्रत त्यांनी २०१३ साली टपालात टाकली. बावीस वर्षे तबक दाराशी ठेवलेले होते, आणि बावीस वर्षे कोणी ना कोणी त्यात काही टाकून जात होते.